तेलुगू बोलणारा समुद्र

"सरका ना जी! मांगच्याइले काही दिसून नाई राह्यलं!"

"दिसाचं काय आहे त्यात? समुद्र ऐकाचा आहे. डोये मिट अन् कान उघड!"

सती नदीच्या काठी, मोहाच्या झाडाखाली, चिचटोल्याचे अख्खे गाव दाटले होते. कुरखेड्याचा बाजार करून आलेल्या बायकांनी डोक्यावरच्या टोपल्याही उतरवल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या हातात पाण्याचा गडवा आणि पदराच्या गाठीला मूठभर मीठ. समोर बांबूच्या तट्ट्यांची, मातीने लिंपलेली खोपडी. तिच्या भिंतीलगत एक तांब्याचा हंडा गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. त्याचे नाव समुद्रकुंड. आलेल्या माणसाने आधी कुंडात मीठ टाकायचे, वर पाणी ओतायचे, मग बसायचे. खोपडीच्या शेजारी मोहापेक्षा उंच बांबू उभा होता, त्यावर निळे निशाण आणि टोकापासून तांब्याची तार वेढत वेढत खाली आलेली. तिला दर्याबाबा नागबंध म्हणत.

दर्याबाबा बाहेर आले. काळा, रुंद छातीचा माणूस, कमरेला निळी लुंगी, गळ्यात कवड्यांची माळ. त्यांनी शंख फुंकला, मग तो कानाला लावला, मान डोलावली आणि कोणाकडे न पाहता खोपडीत शिरून दार ओढून घेतले. आत समुद्राशी बोलणे चालायचे. तेवढा वेळ लेकरू रडले तरी आई त्याच्या तोंडावर हात ठेवी.

बाबा परतले तेव्हा कपाळावर घाम होता.

"सुनो चिचटोलेवालो! पूर्वेच्या समुद्राच्या पोटात भोवरा जन्मला. सात बहिणी त्याले पाळण्यात झुलवून राह्यल्या. मी म्हटलं, माय, माह्या लेकराइचे धान बांधीत उभे आहेत. माय बोलली, ऐकन तो वाचन! तवा धानाले विळा लावू नका. समुद्रमाय रांगत रांगत इथवर येणार आहे!"

"समुद्रमाय की जय!" गाव गरजले. चिचटोल्यात कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता, हे सांगायला नकोच.

गर्दीपासून दूर, बैलगाडीच्या वाटेवर गुणवंतराव गुरुजी छत्री टेकून उभे होते. शाळा सुटली की ते याच वाटेने घरी जात. खोपडीजवळ मात्र कधी गेले नव्हते. थोतांडाच्या दारात पाऊल टाकायचे नाही, असा त्यांचा बाणा होता. तो किती चुकीचा होता, हे त्यांना पुढे कळले.

"या ना गुरुजी!" गावात जिभेला सर्वांत धार असलेल्या पत्रूने तिथून हाक दिली. "आभायाचं गणित तोंडी सोडवणारा मास्तर पायला का कुठी?"

"शंखात समुद्र नसतो रे, पत्रू. पोकळी असते."

"मंग तांब्यात का असते जी?"

लोक हसले. गुरुजी मात्र विचार करतच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताच त्यांनी मुलांना घरी पिटाळले आणि प्रत्येक मूल एकेक भांडे घेऊन आले. तांबे आले, गडवे आले, एकाने आईची नजर चुकवून डाळीची पितळी आणली. नाल्यापलीकडच्या गोंड वस्तीच्या टोल्यावरून येणाऱ्या बुधरीने पाण्याचा, वाळक्या भोपळ्याचा तुंबा आणला.

"लावा कानाला. बोलायचं नाही."

वर्ग शांत झाला. मग बुधरी ओरडली, "गुरुजी! माह्या तुंब्यात बी समुद्र आहे!"

"माह्यात बी!" "माह्यात जास्त आहे!"

गुरुजींचा चेहरा उजळला. मुलांना काही सापडले की त्यांना पोट भरल्यासारखे वाटे. त्यांनी सांगितले, की आपल्याभोवती बारीकसारीक आवाज सतत चालू असतात. पानांचा, वाऱ्याचा, लांबच्या बैलांचा. पोकळ भांड्यात ते घुमतात आणि कानाला गाज ऐकू येते. शंख असो की तुंबा, गोष्ट एकच. "घरी जाऊन आईबाबांच्या कानाला लावा," ते म्हणाले.

मुलांनी लावले. संध्याकाळी गावचे मुखरू पाटील शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. भला माणूस, पण बाबांचा पहिला भक्त.

"गुरुजी, नातवानं तांब्या लावला कानाले. आवाज येते, खरं आहे."

"मग?"

"पण तांब्यातला समुद्र मुका आहे ना जी. बाबाचा बोलते."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. एवढे समजावून शेवटी हाच धडा निघाला!

गावात एकटीला पटले होते. वच्छलाबाई. तिचा नवरा चैतू आलापल्लीच्या लाकूड डेपोवर कामाला गेलेला. घरी दोन लेकरे, म्हातारी सासू आणि भाताच्या दोन बांध्या, म्हणजे खाचरे, एकीत लवकर येणारे हलके धान, दुसरीत उशिराचे भारी. वर्षभराची भाकरी नव्हे, भातच म्हणायचा, तो सारा त्या दोन बांध्यांत उभा होता. ती थेट गुरुजींकडे आली.

"शंख खोटा, हे समजलं जी मले. पण मंग पाऊस येणार का नाई, हे कोणाले समजते?"

इथे गुरुजी घसरले. शंखाचे बिंग फोडल्याच्या आनंदात त्यांनी ज्ञानाच्या बाहेर पाऊल टाकले.

"कोणालाच नाही, वच्छलाबाई. परवाचा पाऊस आज सांगेल असा माणूस जन्मायचा आहे. आभाळ पाहा, आरशासारखं आहे. तुमचं धान पिकून लोंबी झडायला लागली. कापा बिनधास्त."

तिने दुसऱ्याच दिवशी विळा लावला. बाकीचे गाव हात बांधून बसले होते.

आमच्या धानाच्या मुलखात कापलेले धान लगेच उचलत नाहीत. मूठमूठ कापून बांधीतच आडवे पसरून ठेवतात, त्यांना कडपे म्हणतात. उन्हाने कडपे वाळले की भारे बांधायचे आणि भाऱ्यांचे पुंजणे रचायचे. पुंजणा रचला की पावसाची फारशी भीती नाही. उभ्या धानालाही थोडा पाऊस सोसतो. पण कडपे भुईवर असताना पाऊस आला, तर मात्र देवाचेही काही चालत नाही.

वच्छलाचे कडपे भुईवर होते आणि पाऊस आला. पूर्वेकडून काळेकुट्ट आभाळ चढले आणि नांगरल्या ढेकळासारखे विरघळून खाली आले. उघडीप झाली तेव्हा बांधीत पाणी आणि पाण्यात कडपे.

काही दिवसांनी ती शाळेत आली. वर्ग चालू होता. तिने गुरुजींच्या टेबलावर मूठभर लोंब्या ठेवल्या. दाण्यादाण्याला हिरवे कोंब फुटले होते.

"गुरुजी, हे शिकवा पोराइले," ती म्हणाली. "कापल्यावर बी धान उगवते."

ती भांडली असती तर बरे झाले असते. मुले आळीपाळीने कोंबांकडे आणि गुरुजींकडे पाहत राहिली.

त्यानंतर गुरुजींचे ऐकायला गावात कान उरला नाही. "योगायोग आहे रे," ते म्हणत. पत्रू म्हणे, "योगायोग का कोणता बाबा आहे जी? कोणत्या गावचा?" तांबे पुन्हा पाणी प्यायच्या कामी लागले. समुद्रकुंडावर मिठाची रास चढली. बाबांच्या सांगण्याप्रमाणे थांबलेल्यांनी नंतर सुखरूप कापणी केली आणि ठरल्याप्रमाणे बांधीमागे एक भारा खोपडीकडे पोचवला. ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही, त्याचा पुंजणा गावात सर्वांत उंच झाला.

बुधरीची आई सोमारी एकदा पाणवठ्यावर म्हणाली, "आमच्या टोल्याचा गायता पेरणीचा दिवस धरते, पूजा करते. पण पाऊस माह्या मुठीत आहे, असं तो कधी म्हंत नाई." हे कानावर आले तेव्हा गुरुजींना वाटले, गावात अजून एक शहाणे माणूस आहे. पण तिचे तरी कोण ऐकणार?

त्यांना खरी टोचणी वेगळीच होती. तांब्याचा धडा खरा होता. पाऊसही खरा होता. दोन्ही खरे, तर मधे काहीतरी आपल्याला माहीत नाही. एवढे साधे उत्तर, पण ते स्वतःशी कबूल करायलाच त्यांना वेळ लागला.

कार्तिक सरत आला. भारी धान पिकले. वच्छला पुन्हा आली, या वेळी ओट्याखालीच उभी राहिली.

"बाबाकडे गेली होती जी. म्हटलं, माहं चुकलं. भारी धान कवा कापू सांगा."

"काय म्हणाले?"

"म्हंते, तुह्यासाठी समुद्र मुका आहे. तुले ज्यानं भरवलं, तो मास्तर कुंडाले डोकं टेकवन, तवाच माय बोलन." तिने हात जोडले. "गुरुजी, एक डाव टेकवा ना. तुमचं का जाते? माहे लेकरं काय खातीन मंग?"

गुरुजींचे काय जात होते, ते त्यांनाच ठाऊक. उद्यापासून कोणत्या तोंडाने मुलांना शिकवायचे? पण टेबलावरचे ते हिरवे कोंब डोळ्यांपुढून हलत नव्हते. एका बाईचे धान आपल्या फुशारकीने भिजले, आता तिच्या दुसऱ्या बांधीवर आपला ताठा वाळत घालायचा का?

"येतो," ते म्हणाले.

संध्याकाळी मोहाखाली मुंगीला जागा नव्हती. मास्तर वाकणार, ही बातमी कुरखेड्यापर्यंत गेली होती.

"या मास्तरजी, या!" दर्याबाबा हात पसरून म्हणाले. "समुद्र मोठ्या मनाचा आहे. नाल्याले बी पोटात घेते, गटाराले बी घेते." लोक खो-खो हसले. मग ते वच्छलाकडे वळले. "अन् तू बाई, पुढे नको बसू. तुही सावली कुंडावर नको. खोपडीच्या मांगं, नदीकडे तोंड करून बस."

ती मागे गेली आणि तट्ट्याच्या भिंतीला टेकून बसली.

गुरुजींनी छत्री पत्रूच्या हाती दिली, टोपी काढली आणि गुडघे टेकले. कुंडापाशी कपाळ नेले आणि तिथेच थांबले. जन्मात पहिल्यांदा ते या जागेच्या एवढे जवळ आले होते. हंड्याच्या गळ्याला एक तार घट्ट गुंडाळलेली होती. ती मातीखालून निघून भिंतीच्या फटीत शिरत होती. नाकात खारट ओल्या मातीचा वास आला.

हा वास त्यांनी कुठे घेतला होता? नागभीडला, मेव्हण्याच्या परसात! मेव्हणा रेल्वेत नोकरीला. त्याच्या घरी रेडिओ होता. एक तार उंच बांबूवर आणि दुसरी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला. रेडिओ खरखरू लागला की मेव्हणा परसात जाऊन त्या जागी मीठ-पाणी ओतायचा. "जमीन ओली राहिली की आवाज साफ येतो," म्हणायचा.

गुरुजींनी वाकूनच मान वर केली. उंच बांबू. वेढत आलेली तार. तीही भिंतीत शिरत होती. बाबा एव्हाना शंख फुंकून आत गेले होते, दार बंद होते.

"उठा ना जी," पत्रू कुजबुजला. "एवढा वेळ डोकं टेकवाचं नसते."

तेवढ्यात खोपडीमागून वच्छलाची किंकाळी आली.

"अगा माय! तेलुगू! समुद्र तेलुगूत बोलून राह्यला!"

वच्छलाचे माहेर सिरोंच्याकडचे. तिथे घराघरांत तेलुगू. चिचटोल्यात येऊन इतकी वर्षे झाली, की ती भाषा तिला येते हेच लोक विसरले होते. बाबांना तर ठाऊकच नव्हते. गर्दी धडपडत मागे धावली. वच्छला भिंतीला कान लावून बसली होती, डोळ्यांत पाणी.

"माह्या मायच्या बोलीत बोलते जी समुद्र! मलेच सांगून राह्यला!"

"काय सांगतो?" गुरुजींनी तिच्याजवळ बसत विचारले. "एकेक शब्द सांगा. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

"म्हंते... तुफान आहे. बंगालच्या समुद्रात मोठं तुफान. मच्छलीपट्टणच्या बाजूनं जमिनीवर चढन. वारा लय जोराचा. लाटा उंच." ती भिंतीला आणखी चिकटली. "बंदरात धोक्याचा बावटा लावला, म्हंते. समुद्रम्‌लोकि वेळ्ळरादु... कोळ्याइनं समुद्रात जाऊ नये."

"कोण कोळी?" मुखरू पाटील गोंधळले.

"मासे मारणारे. त्याइले सांगून राह्यला, नावा पाण्यात नका टाकू."

गुरुजींच्या तोंडून हसू फुटले. किती दिवसांनी! "पाटील, सतीच्या डोहात दोन ढिवर वाम मासे धरतात, त्यांच्यासाठी समुद्र एवढा घसा कोरडा करतो का?"

पाटील उत्तर देणार, तोच दार कुरकुरले आणि शंख वाजला. सारे पुढे पळाले. बाबांना मागचा गोंधळ ऐकू आला असेल, पण कान रेडिओला चिकटलेले. शब्द कळले नसावेत. ते प्रसन्न हसले.

"मास्तरनं डोकं टेकवलं, माय विरघळली! समुद्र कसा, तांदयाच्या पेजेसारखा शांत. वच्छलाबाई, उद्याच भारी धान काप. बेफिकीर काप! बाकीच्याइनं मात्र मी सांगतो तवरिक थांबाचं. त्याइचा हिशोब वेगळा."

क्षणभर कोणाच्या काही ध्यानात आले नाही. गुरुजींच्या मात्र आले. या माणसाला दर खेपेला एक भिजलेली बांधी हवी होती! सगळेच वाचले तर भीती कोणाची? वच्छलाचे दुसरे धान बुडाले, की हा म्हणणार, मास्तरने मनापासून डोके टेकवले नाही.

ते बोलणार होते. पण वच्छला आधी पुढे आली.

"बाबा, शांत?"

"पेजेसारखा, बाई."

"मंग आत्ता तुफान म्हणाला, तो कोण?"

बाबांचे हसू गोठले. "तुले का समजते समुद्राची भाषा?"

"माह्या मायनं मले त्याच भाषेत पाजलं!" तिचा आवाज चढला. "तुमचा समुद्र तुफान म्हंते. तुम्ही मले काप म्हंता. समुद्र खोटा का तुम्ही खोटे?"

आता गाव शहाणे होईल, असे कोणालाही वाटेल. गुरुजींनाही वाटले. पण मुखरू पाटलांनी दोन पावले पुढे टाकली, हात जोडले आणि वच्छलाच्या पायांवर डोके ठेवले.

"माय! समुद्र तुह्या अंगात आला!"

"आली, आली! समुद्रमाय आली!" बायकांचा घोळका वच्छलाकडे लोटला. कोणी कुंकू काढले. कोणी तिच्या पायांवर मीठ-पाणी ओतले.

"अरे देवा!" गुरुजी मटकन खाली बसले. नास्तिकाच्या तोंडून निघालेला हा शब्द पत्रूने पुढे बरीच वर्षे लक्षात ठेवला.

"पाटील, उठा जी!" वच्छला ओरडत होती. "मी कायची समुद्र? मी चैतूची बायको! सोडा माहे पाय! कोणी तं आत जाऊन पाहा ना, कोण बोलते ते!"

कोणी हलेना. देवाच्या खोलीत कोण शिरणार? तेव्हा तिने पाय झटकले, बाबांना खांद्याने बाजूला सारले आणि स्वतः आत गेली. मागोमाग गुरुजी. आतला आडोसा तुटल्याचा आवाज झाला. मग दोघे मिळून एक लाकडी पेटी दारात घेऊन आली, सोबत विटेएवढी बॅटरी. तारा गुरुजींनी लांबवून धरल्या होत्या. पेटीच्या तोंडावर जाळीचे कापड आणि एक पिवळा काटा. कापडामागून एक माणूस तेलुगूत स्वच्छ, शांत आवाजात बोलत होता.

"आता कोणीही बोलू नका," गुरुजी म्हणाले. त्यांनी कुंडाकडून आलेली तार उपसली. आवाज खरखरला आणि दबला. बांबूची तार काढली. तो माणूस गप्प झाला. पुन्हा जोडली. तो बोलू लागला.

असे त्यांनी पुन्हापुन्हा केले. शेवटी पत्रूला म्हणाले, "ये, तू कर." पत्रूने घाबरत तार काढली. समुद्र मुका झाला. पत्रूने तार लावली. समुद्र बोलला. पत्रूचे तोंड उघडेच राहिले.

"म्हंजे आमी रोज मीठ टाकत होतो, ते..."

"जमीन ओली ठेवायला. त्याचा रेडिओ साफ वाजावा म्हणून."

"बाजारातलं मीठ!" मागून एक म्हातारी कळवळली. "माह्या भाजीत टाकलं नाई मी!"

दर्याबाबा अजून खचले नव्हते. भाषण मात्र बदलले. "मी खोटं का बोललो? सांगा ना! दिवाळीच्या वक्ताले पाऊस आला का नाई? तुमचं धान वाचलं का नाई?"

गुरुजींना त्याचे उत्तर द्यायलाच हवे होते, कारण त्यात तथ्य होते.

"वाचलं," ते म्हणाले. "बातमी खरी होती. मी म्हणालो होतो, पाऊस कोणालाच कळत नाही. ते माझं चुकलं, वच्छलाबाईंचं नुकसान माझ्यामुळे झालं. पाऊस कळतो. पण शंखातून नाही."

मग त्यांनी पेटी बैलगाडीवर ठेवली आणि जे ठाऊक होते तेवढे सांगितले. समुद्रकिनाऱ्यावर ठिकठिकाणी माणसे बसलेली असतात. हवेचा दाब मोजणारे यंत्र, वारा मोजणारे यंत्र. खोल समुद्रातल्या आगबोटी तिथली हवा बिनतारी संदेशाने कळवतात. ही सारी माहिती एका जागी येते, नकाशावर मांडली जाते आणि दिसते की वादळ कुठे आहे, कुठे सरकते आहे. मग किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आणि नावाड्यांना रेडिओवरून सावध करतात. ते वादळ जमिनीवर चढले, की पुढे कधीकधी आपल्याकडे पाऊस होऊन येते.

"तू हे ऐकायला कुठे शिकलास?" त्यांनी बाबांना विचारले.

बाबांनी कवड्यांची माळ चाचपली. "काकिनाड्याच्या बंदरात हमाली केली. तिथी सारेच ऐकते."

"फुकट?"

बाबा नदीकडे एक पाऊल सरकले.

"तिथी सगळे फुकट ऐकते," वच्छला सावकाश म्हणाली, "अन् इथी तुम्ही ते शंखात भरून विकलं. वरून मले बुडवाले निघाले."

लोक तिच्याकडे वळून पाहत असताना तो माणूस नदीत उतरला आणि पलीकडच्या रानात निघून गेला. चारजण मागे धावले. गुरुजींनी त्यांना परत बोलावले. "त्याच्या मागे नंतर. कोणाकोणाचे कडपे भुईवर आहेत?"

तेव्हा कुठे गावाला आठवले, की समुद्र खरेच काहीतरी म्हणाला होता. नाल्यापलीकडे सोमारीच्या टोल्यावर दोन बांध्यांचे कडपे पडलेले होते. उजेड होता तोवर सगळे गाव तिकडे गेले, भारे बांधले, पुंजणे रचले. वच्छलाने विळा घरातच ठेवला.

वादळ आले. किनाऱ्यावर त्याने जे केले असेल ते असो, चिचटोल्यात येईतो त्याचा दमदार पाऊस झाला होता. वच्छलाचे भारी धान वाकले, एका कोपऱ्यात लोळलेही. पण पाणी ओसरल्यावर उन्हे पडली आणि ते पुन्हा कंबर सरळ करू लागले. तिने ते नंतर कापले. त्या वर्षी तिच्या घरात पेज पातळ झाली, पण चूल विझली नाही.

बाबाच्या पुंजण्याचे भारे ज्याचे त्याला गेले. पेटी कोणाची, याचा तपास लागेपर्यंत ती शाळेत ठेवा, असे कुरखेड्याच्या पोलिसांनी सांगितले. रोज संध्याकाळी वच्छला ओट्यावर बसून तेलुगू बातमीचे मराठी करून सांगू लागली.

एके सकाळी गुरुजी शाळेत आले, तर पेटीला हळद लागलेली. काट्यावर कुंकवाचा टिळा. पुढे नारळ, उदबत्ती आणि मुखरू पाटील डोळे मिटून बसलेले.

गुरुजींनी छत्री भिंतीला टेकवली. रागावण्याचीही ताकद राहिली नव्हती.

"पाटील, हे काय?"

"रेडिओबाबा आहे जी. त्यानं धान वाचवलं."

वच्छला तेव्हा लेकरांना शाळेत सोडायला आली होती. ती पुढे झाली आणि पदराने काट्यावरचे कुंकू खसाखसा पुसले.

"काटा दिसत नाई मंग," ती म्हणाली. "कोणत्या जागी लावाचा, ते दिसाले पायजे."

गुरुजी पाटलांच्या शेजारी बसले. मुलेही गोळा झाली.

"पाटील, या पेटीत माणूस नाही, देवही नाही. आणि ही पेटी चुकणार आहे. आजच सांगून ठेवतो. एखाद दिवशी पाऊस म्हणेल आणि ऊन पडेल."

"मंग तिच्यावर भरोसा काऊन ठेवाचा?"

"कारण ती चुकली तर दुसऱ्या दिवशी सांगते, की अंदाज बदलला. का बदलला, तेही कोणाला विचारता येतं. तुमचा बाबा कधी चुकला होता का?"

"कधीच नाई," पाटील अभिमानाने म्हणाले.

"तिथंच ओळखायचं," गुरुजी म्हणाले. "जो कधीच चुकत नाही, तो तुमच्यापासून काहीतरी लपवतो. खोपडीचं दार बंद करून सांगितलेलं कितीही खरं ठरलं, तरी दार उघडून पाहा. मी पाहिलं नाही, म्हणून एका घरचं धान कुजलं. ज्ञान कोणाच्या अंगात येत नसतं, पाटील. ते शिकावं लागतं, विचारावं लागतं, आणि फुकट वाटावं लागतं."

पाटलांनी नारळ उचलला आणि ओट्याच्या कडेवर आपटून फोडला.

"तं हे पोराइले वाटून टाकू का जी?"

"वाटा," गुरुजी म्हणाले.

मुलांनी खोबरे खाल्ले आणि शाळा भरली.